एकाच भांड्यातलं चाटण

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांना ग्लासात पाणी दिसतं, मला त्यात काय काय पोहत असेल ते दिसतं. ही काही कौतुकाची गोष्ट नाही. या नोकरीनं माझ्या आयुष्यातली निम्मी मजा घालवली आहे. हॉटेलात मी चमचा उजेडात धरून बघते, लग्नाच्या जेवणात वाढणाऱ्याची नखं बघते, आणि वर्षाअखेरच्या सुट्टीत सासरी सगळे जमले की माझ्या अंगावर काटा उभा राहतो.

कारण त्या दिवशी तिथे सगळे एकाच भांड्यातून खातात. हा सासूबाईंचा कायदा आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात चार भाऊ एकत्र होते. कसल्याशा कुरबुरीवरून एका जावेनं आपली ताटं, वाट्या वेगळ्या ठेवल्या, तिचं बघून दुसरीनं ठेवल्या, आणि बघता बघता चुली वेगळ्या झाल्या. पुढे ते भाऊ एकमेकांच्या मयतालाही गेले नाहीत. सासूबाईंनी याचा दोष भावांना दिला नाही, वाट्यांना दिला. माझी मुलं निदान वर्षातून एकदा एका भांड्यातून खातील, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग मध्ये एक मोठं स्टीलचं भांडं, त्यात काहीतरी गोडधोड, आणि भोवती सगळं खटलं. चमचा नाही. चावलेलं बिस्कीट परत बुडवायचं, बोट घालून कड निपटायची, सगळं चालतं. नवीन सुनेनं नाक मुरडलं तर सासूबाई एवढंच म्हणतात, "आपल्या माणसाची कसली आलीय किळस?"

मला येते. भडभडून येते. इतकी वर्षं मी पोट बिघडल्याचं सांगून वेळ मारून नेली. पण या वर्षी प्रश्न माझा नव्हता.

उन्हाळ्यात नवऱ्याची किडनी बदलली. दिली मी. सासूबाई स्वतःची द्यायला हटून बसल्या होत्या, पण त्यांचं वय आणि साखर बघून डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. आता त्याला अशा गोळ्या आहेत की शरीरानं परकी किडनी झिडकारू नये म्हणून त्याची रोगाशी लढायची ताकदच मुद्दाम दाबून ठेवायची. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "इतरांना ज्यानं साधी सर्दी होते, त्यानं यांना भरती करावं लागेल. किडनी हातची जाऊ शकते. कुणाचंही उष्टं तोंडात घालायचं नाही. कुणाचंही म्हणजे कुणाचंही." तेव्हापासून आमच्या घरात दोघांचे कप वेगळे, टॉवेल वेगळे. मी त्याच्या चहाचा घोटसुद्धा घेत नाही, आणि पूर्वी मी स्वतःचा चहा कधी करायचेच नाही, त्याच्याच कपातला प्यायचे.

नवरा शाळेत खेळ शिकवतो. गळ्यात शिट्टी, अंगात रग. आजारी पडायचा त्याला आधीच राग, त्यात हे. सुट्टीच्या आदल्या दिवशी म्हणाला, "हे बघ, तिथे मला पेशंट करून बसवायचं नाही. आईला वाटतंय ऑपरेशन झालं, विषय संपला. तिला तसंच वाटू दे."

"आणि ते भांडं?"

"मी बघेन काय ते. पण तू सगळ्यांसमोर जंतूंवर भाषण ठोकणार असशील तर मी येतच नाही."

मी शब्द दिला. भाषण ठोकणार नाही म्हटलं. डोकं चालवणार नाही असं काही मी म्हटलं नव्हतं.

जावेला मीच फोन करून सांगितलं की या वर्षी गोड माझ्याकडे लागलं. मग फोनवर शोधून बिस्किटं बुडवून खायचं एक डिप काढलं. सुकामेव्याचं, गोड, गॅस फारसा पेटवायचा नाही, कुणालाही जमेल असं. काजू गरम पाण्यात भिजत घातले. बदाम आणि अक्रोड मंद आचेवर भाजले, अक्रोडाची कडवट सालं फडक्यात चोळून काढली. मिक्सरचं भांडं उकळत्या पाण्यानं दोनदा विसळलं. त्यात भिजलेले काजू, बिया काढलेला खजूर, नवीन फोडलेल्या पाकिटातली क्रीम, दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ घालून फिरवलं. भाजलेले बदाम-अक्रोड शेवटी घालून जरासंच फिरवलं, म्हणजे दाताखाली येतात. झालं. खरंच सोपं आहे. मऊसूत, बदामी रंगाचं, आणि वास असा की मी स्वतः मिक्सरचं भांडं निपटून खाल्लं, एकटीनं, दार लावून.

मग खरी हुशारी. माणशी एक अशा झाकणाच्या काचेच्या वाट्या आणल्या, उकळून वाळवल्या, प्रत्येकीत डिप भरलं आणि वर अर्धा बदाम खोचला. सगळ्यांनाच वाटी, म्हणजे नवरा वेगळा दिसणार नाही. सासूबाईंनी विचारलं तर सांगायचं, हल्ली अशीच फॅशन आहे. मी माझ्यावरच खूश होते.

पोचलो तेव्हा थोरले भाऊजी दारातच शिंकले. रुमाल नव्हता. मनगटानं नाक पुसलं आणि त्याच हातानं भावाच्या पाठीत थाप मारली. "काय रे, नवा पार्ट बसला का नीट? वॉरंटी किती?" त्यांचं फर्निचरचं दुकान आहे, त्यांना प्रत्येक गोष्टीची वॉरंटी सुचते. नवरा हसला. मी त्याच्या शर्टाच्या पाठीकडे बघत राहिले.

वाट्यांचा ट्रे जाऊबाईंच्या हातात दिला आणि मी सासूबाईंना नमस्कार करायला आत गेले. तिथेच माझं चुकलं. त्या ऑपरेशनचा व्रण दाखव म्हणाल्या, मी साडी सरकवून दाखवला, त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि माझी साडी स्वतःच्या हातानं नीट करून दिली. बाहेर आले तर दिवाणखान्यात मधोमध ते स्टीलचं भांडं, आणि त्यात माझं डिप. ओट्यावर काचेच्या वाट्या रिकाम्या, एकात एक रचलेल्या.

"अगं, किती तो पसारा!" जाऊबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, बिचारीला मोठं भांडं सापडलं नसेल. दिलं सगळं एकत्र करून. वाट्या बोटानं निपटल्या हो मी, जरासुद्धा वाया घालवलं नाही." आणि ते बोट त्यांनी माझ्यासमोर चोखलं. मन लावून चोखलं.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण त्या क्षणी मला त्यांच्या बोटाचा जितका राग आला तितका आयुष्यात कुठल्या माणसाचा आला नसेल.

नणंदेचे यजमान, ज्यांना आम्ही पाठीमागे मिशा म्हणतो, त्यांनी सुरुवात केली. अर्धं बिस्कीट खाल्लं, उरलेलं बुडवलं, तोंडाला लावलं, मिशीला चिकटलेलं जिभेनं आत ओढलं, परत बुडवलं. नणंदेचं रांगतं पोर भांड्याला धरून उभं राहिलं आणि तोंडातलं भिजलेलं बिस्कीट त्यात सोडून मोकळं झालं. कुणाला काही नाही! नणंदेनं ते दोन बोटांनी उचललं आणि स्वतःच खाऊन टाकलं. भाऊजी बोलता बोलता खोकले, तोंड भांड्याकडेच. पृष्ठभागावर शिंतोड्यांची एक चकाकती रेघ उमटली आणि हळूच विरून गेली. वर "वा! क्या बात है!" चालूच. माझ्या हातचं कौतुक त्या घरात पहिल्यांदाच होत होतं आणि मला वाटत होतं, सगळ्यांना एकेका नळाखाली धरून घासावं.

नवरा भिंतीला टेकून बसला होता. हातात बिस्कीट नुसतं धरलेलं.

"घे की रे," भाऊजी म्हणाले.

"घेतो."

"घेतो काय? का आता बायकोची किडनी लागली म्हणून बायकोसारखं पोट बिघडायला लागलं?"

सगळे खो खो हसले. मिशांनी तर मांडीवर थाप मारली. नवऱ्याचे कान लाल झाले. मी त्याला डोळ्यांनी नको म्हटलं, त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. सासूबाई खुर्चीतून त्याच्याकडेच बघत होत्या. "पोरा, तू घेतल्याशिवाय मी कशी घेऊ?" त्या मायेनं म्हणाल्या. मग तो पुढे सरकला. मी बघेन काय ते म्हणाला होता ना, ते हे. चारचौघांत हसं नको म्हणून हा माणूस माझ्या पोटातून काढलेला अवयव भाऊजींच्या खोकल्यात बुडवायला निघाला होता.

त्याचा हात भांड्यापर्यंत पोचायच्या आत मी भांडं माझ्याकडे ओढलं आणि त्यात थुंकले.

नीट थुंकले. कुणाला शंका राहू नये असं.

जाऊबाई किंचाळल्या, "शी! शी शी शी!" मिशा उठून मोरीकडे धावले आणि घसा खाकरून चुळा भरायला लागले. नणंदेनं पोराला उचलून छातीशी धरलं, जणू मी त्याच्यावरच थुंकणार होते. भाऊजी ओरडले, "अगं, लाजलज्जा काही आहे की नाही? ही काय पद्धत झाली?"

"का?" मी म्हटलं. "आपल्याच माणसाची थुंकी आहे. आपल्या माणसाची कसली आलीय किळस?"

"तुझं डोकं फिरलंय," भाऊजी म्हणाले.

"हो, फिरलंय! त्याला कुणाचं उष्टं चालत नाही. तुमची ही सर्दी त्याला आज लागली तर उद्या तो हॉस्पिटलात असेल, आणि ती किडनी गेली तर माझ्याकडे दुसरी द्यायला नाही. मी वाट्या घेऊन आले होते. सगळ्यांसाठी आणल्या होत्या. तुम्हाला पसारा वाटला."

नवरा ताडकन उठला. "तू शब्द दिला होतास."

"भाषण न करण्याचा दिला होता. आधी थुंकलेच ना? भाषण मग केलं."

तो दाराकडे वळला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बस खाली." आवाज चढवला नव्हता. तो बसला. बाकीचेही जिथल्या तिथे थांबले, मोरीतल्या चुळासुद्धा थांबल्या.

त्यांनी मला विचारलं, "कुणाचंच उष्टं चालत नाही?"

"नाही, आई."

"माझंही?"

"तुमचंही."

"आणि तुझं?"

"माझंही नाही. आम्ही घरी एका कपातून चहासुद्धा पीत नाही."

त्या मुलाकडे वळल्या. "आणि हे मला तू सांगितलं नाहीस."

"आई, तुला वाईट वाटलं असतं." त्यानं मान खाली घातली होती. एवढा उंच माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा दिसत होता.

"मला वाईट वाटू नये म्हणून तू मरणार होतास?" त्या म्हणाल्या. "गाढवा." मग जावेला हाक मारली. "याला केळं आण. न सोललेलं. सोलायचं त्याचं तो सोलेल. आणि यापुढे या घरात याचं ताट, याची वाटी, याचा पेला वेगळा. कुणी काही बोललं तर गाठ माझ्याशी आहे."

एवढं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. भाऊजींनी पहिल्यांदाच रुमाल शोधायला खिसे चाचपले. मला वाटलं, जिंकले मी. भांडं उचलून मोरीत ओतायला मी वाकले.

"ठेव ते," सासूबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीतून उठल्या, गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसल्या आणि भांडं पुढ्यात घेतलं. बिस्कीट उचललं. भांडं थोडं फिरवून मी जिथे थुंकले होते ती जागा शोधली. ती अजून दिसत होती. सासूबाईंनी तिथेच बिस्कीट टेकवलं, भरपूर घेतलं आणि तोंडात घातलं.

"आई, नका हो!" जाऊबाई रडकुंडीला आल्या.

त्या सावकाश चावत होत्या. बदाम दाताखाली आल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. गिळून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मी तोंड दिलं असतं. "माझ्या पोराला जगवलंस तू," त्या म्हणाल्या. "तुझी किळस मला येईल असं वाटलं तुला?" आणि त्यांनी बिस्कीट परत तिथेच बुडवलं.

त्यांच्या मायेनं, की त्या ओलसर बिस्किटानं, मला नाही सांगता येणार, पण मी तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाले, मिशांना ढकललं आणि सकाळपासूनचं सगळं ओकले.

मागून सासूबाईंचा शांत, भरल्या तोंडाचा आवाज आला. "कुणीतरी पाणी द्या रे तिला. आणि तिलाही वेगळ्या पेल्यातच द्या."