तिसरी आणि चौथी बाजू

लग्नाच्या मांडवात गाणं ऐन रंगात आलं होतं. द्वारकाबाई गर्दीतून सरळ पुढं गेली, ग्रामोफोनचा दांडा उचलला, आणि गाणं मध्येच तुटलं.

माणसं वळून पाहू लागली. नवरा-नवरी अजून बोहल्यावरच होती. चाळिशीची विधवा बाई, अंगावर दवाखान्याचं पांढरं लुगडं, आणि तिनं सख्ख्या भाच्याच्या, किसनच्या, लग्नातलं गाणं बंद केलं होतं.

"उत्तम," ती म्हणाली, "माझ्या तबकड्या कुठं हायत?"

उत्तमराव तिचा धाकटा भाऊ. आखाडा बाळापुरातला मोठा जमीनदार, त्या दिवशी वरबाप. फेटा सावरत तो हसला.

"अक्का, आत चल. मंग बोलू."

"हितंच बोल. माह्या खाटंखालची पेटी रिकामी हाये. एकवीस व्हत्या."

"लढाई चालू हाये, अक्का. नव्या रेकाडी भेटत न्हाईत. नांदेडचा दुकानदार म्हणला, जुन्या आणून द्या तवाच नव्या देतो. जुन्या वितळून त्याच्याच नव्या करतेत म्हणे. मंग तुह्या देल्या." त्यानं आजूबाजूच्या पाहुण्यांकडं पाहिलं. "न्हाईतरी त्याच्यात बोल न्हाई, गाणं न्हाई. नुसती कुईकुई. कोण ऐकत व्हतं ते?"

"मी ऐकत व्हते."

कोणीतरी हसलं. द्वारकाबाईनं तबकडीखालचं चाक थांबवलं, वरची लग्नगीताची रेकॉर्ड काढून पाटावर ठेवली आणि ग्रामोफोनचं झाकण लावलं. ग्रामोफोनची ती पेटीही तिचीच होती. लग्नासाठी उत्तमरावानं पंधरवड्यापूर्वी तिच्या खोलीतून मागून नेलेली.

"अक्का, लगीन चालू हाये," उत्तमराव खालच्या आवाजात म्हणाला. "अपशकुन व्हतो."

"अपशकुन व्हतो म्हणूनच सकाळपसून मला धान्याच्या खोलीत बसवलंस न्हवं? मंग आता काय नवं व्हतंय."

पेटी उचलून ती मांडवाबाहेर पडली. बोहल्यावरची बारा-तेरा वर्षांची नवरी, शालू, मुंडावळ्यांच्या आडून तिच्याकडं पाहत होती. हे सन त्रेचाळीसचं.

द्वारकाबाईचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि अकराव्या वर्षी संपलं. पंधराव्या वर्षी तिच्या मांडीला मोठं गळू झालं, ताप उतरेना, तेव्हा वडिलांनी तिला जालन्याच्या मिशन दवाखान्यात नेऊन टाकलं. गळू बरं झालं, पण न्यायला कोणी आलं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई मिस हॅडली यांनी तिला आधी फडकी उकळायला लावलं, मग अक्षरं शिकवली, मग बाळंतपणं. सहा-सात वर्षांत ती पक्की नर्स झाली.

एकदा पाठोपाठ तीन मुलं मेलेली जन्मली. तिसऱ्या बाईला द्वारकेनं गुंडाळलेलं गाठोडं दाखवलं आणि मागच्या पायरीवर येऊन बसली. आतून वाजण्याचा आवाज येत होता. मिस हॅडली अवघड बाळंतपणानंतर हात धुऊन न चुकता ग्रामोफोन लावायच्या. द्वारकेनं तो आवाज रोज ऐकला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. वर तीन बारीक आवाज होते. खाली दोन जाड आवाज, जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन बायांसारखे. एक ओढायची, दुसरी सोडायची. एक दमली की दुसरी खुंटा धरायची.

"हे कोणाचं?" तिनं विचारलं.

"बोकेरिनी. इटलीचा होता, जन्म स्पेनमध्ये काढला," बाई म्हणाल्या. "पाच वाद्यांच्या शंभरावर रचना केल्या त्यानं. सिंफन्याही केल्या. म्हातारपणी गरिबीत मेला. त्याचं संगीत फार मऊ म्हणून लोक त्याला हायडनची बायको म्हणत. हायडन त्याच काळातला फार मोठा माणूस."

द्वारकेला राग आला. कोण कुठला परका माणूस, मरून सव्वाशे वर्षं झालेला. पण त्याला खाली पाडायला लोकांना शब्द सापडला तो बायको.

छत्तीस साली मिस हॅडली विलायतेला परत गेल्या. जाताना ग्रामोफोन आणि सहा तबकड्या त्यांनी द्वारकेला दिल्या. द्वारका तोवर हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नर्स झाली होती, मागं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. सहा तबकड्यांच्या तिनं सात वर्षांत एकवीस केल्या. मुंबईच्या एका दुकानाला ती इंग्रजीत पत्र लिहायची, "बोकेरिनीचं जे असेल ते, दुसरं काही नको." दुकानदार हटकून दुसऱ्याच कोणाचं तरी पाठवायचा. ती परत पाठवायची. सिंफनीच्या तीन तबकड्यांपैकी दोन आल्या, तिसरी लढाईमुळं अडली आणि अडीच वर्षांनी पोचली. ती येईपर्यंत द्वारकाबाईनं आधीच्या दोन लावल्याच नाहीत.

पार्सलं स्टेशनावरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीवर, उघडली जात. तिथला कारकून विचारायचा, "नर्सबाई, हे कोणच्या जातीचं गाणं हाय?"

"तुमच्या न्हाई," ती म्हणायची, आणि त्याच्या हातातून पार्सल घेऊन स्वतः दोरी सोडायची.

दवाखान्यात तिला सगळे वचकून असत. तीन दिवस घरी ठेवून मग बायकोला गाडीत घालून आणणाऱ्या नवऱ्याला ती दारातच थांबवून विचारायची, "आज औत बंद हाये म्हणून सवड झाली व्हय तुमाला?" कम्पाउंडर खेमा म्हणायचा, बाई कपाळावर आठी घेऊनच जन्मली. बाळंतपण अवघड गेलं की मात्र मागच्या खोलीतून तो जात्यासारखा आवाज यायचा, आणि तो थांबेपर्यंत खेमा कोणाला आत सोडत नसे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई सर्व्हिस मोटारीनं नांदेडला गेली. रेकॉर्डी विकणाऱ्या गोपीचंदचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. पायजमा-टोपीतला, सौम्य चेहऱ्याचा माणूस होता. तिनं काय हवं ते सांगितल्यावर त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पोतं तर आठ रोज झाले, कलकत्त्याला गेलं बाई."

"सगळं?"

"सगळं. नुसता तुकड्यांचा भुगा होता त्यात. तेवढ्या मोठ्या तबकड्या पोत्यात बसत नव्हत्या. तुमचे भाऊच म्हणाले, थांबा, मी बसवतो. त्या पायरीवर ठेवून एक-एक पायानं मोडली त्यांनी. सोबतची माणसं हसत होती." मग काहीतरी चुकल्यासारखा तो म्हणाला, "ते बोलले, एका मेलेल्या मडमेच्या आहेत. वारस कोणी नाही."

द्वारकाबाईनं पायरीकडं पाहिलं. दगडी, रोजच्या झाडण्यानं गुळगुळीत झालेली पायरी. फटीत एक काळा कपचा अडकला होता. तिनं तो उचलला नाही.

"माझ्या व्हत्या त्या," ती म्हणाली. "मी मेले न्हाई."

गोपीचंद आत गेला आणि एक तबकडी घेऊन आला. लाल लेबल, सोनेरी अक्षरं. "ही चांगली दिसली म्हणून बाजूला ठेवली होती. वाटलं, कोणी साहेब घेईल. घेऊन जा."

तिनं लेबल वाचलं. पाच वाद्यांच्या एका रचनेच्या तीन तबकड्या होत्या, त्यातली ही मधली. तिसरी आणि चौथी बाजू. सुरुवात नाही, शेवटही नाही.

येताना मोटारीत तिनं ती मांडीवर धरली होती. शेजारची बाई म्हणाली, "रडू नगा, बाई, कोण वारलं?" तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय, आणि तिला त्याचाही राग आला.

मुंबईच्या दुकानाला तिनं पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की विलायतेहून असला माल आता येत नाही, पुढं येईल असंही सांगता येत नाही. दर वर्षी तिनं पत्र टाकलं, दर वर्षी तेच उत्तर आलं. भावाकडं ती गेली नाही. दिवाळीला त्याचा गडी फराळाचा डबा घेऊन यायचा. ती तो दवाखान्यातल्या रोग्यांत वाटून रिकामा डबा परत करायची. आत चिठ्ठी नसायची, निरोप नसायचा.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं उठली. माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. दवाखान्यात मारलेली, जाळलेली माणसं येत होती. द्वारकाबाई दिवसदिवस पट्ट्या बांधत होती, आणि कोणाशी धड बोलत नव्हती.

अशाच एका सकाळी दवाखान्यापुढं छकडा थांबला. उत्तमराव खाली उतरला. फेटा नव्हता, दाढी वाढली होती. आत पेंढ्यावर त्याची सून शालू कळा देत पडली होती.

"किसन त्याच्या आईला घेऊन नदीपार गेला," तो म्हणाला. "हिला पुरात कशी न्यावी? दोन रोज झाले अक्का, लेकरू येईना."

द्वारकाबाई सरळ छकड्याकडं गेली. खेमाच्या मदतीनं तिनं शालूला आत घेतलं. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर. उत्तमराव मागोमाग उंबऱ्यापर्यंत आला.

"तू ओट्यावर," ती म्हणाली, आणि दार लावलं.

मूल पायाळू होतं. एक पाय बाहेर आला होता आणि निळा पडला होता. दुसरा वर अडकला होता. शालू सतरा-अठरा वर्षांची, हाडापेरानं बारीक. द्वारकाबाईनं कोपरापर्यंत हात धुतले आणि कामाला लागली.

"आत्याबाई," शालू मध्येच म्हणाली, "मी मरते का?"

"मरायची न्हाईस. मी सांगते तवा जोर कर, तवर न्हाई."

"त्या रोजी मांडवातून तुमी पेटी उचलून गेलात." तिला कळ आली आणि ओसरली. "मला वाटलं व्हतं, अशी बी बाई असती व्हय."

"आता बोलू नको. जोर कर."

दुपार कलली तेव्हा मूल आलं. मुलगी. पांढरीफटक, निपचित. द्वारकाबाईनं तिला पायांना धरून उलटं केलं, तोंडातला चिकटा बोटानं काढला, पाठीवर मारलं. पुन्हा मारलं. मग पोरगी रडली, आधी खरवडल्यासारखी, नंतर चांगली मोठ्यानं.

शालूला टाके घालून, पोरगी तिच्या कुशीत देऊन, द्वारकाबाई हात धुवायला उठली. हात पुसून तिनं कोपऱ्यातला ग्रामोफोन पुढं ओढला, चावी दिली आणि तबकडी लावली. शालूचे डोळे मिटले होते. दार किलकिलं होतं.

तिसरी बाजू संपली. तिनं उलटवून चौथी लावली. ते दोन जाड आवाज आळीपाळीनं ओढत राहिले, वरचे तिघं त्यांच्यावर सावकाश चढत गेले, आणि चढ पुरा व्हायच्या आतच बाजू संपली. सुई आतल्या रेघेत खरखरू लागली.

ओट्यावरून उत्तमरावाचा आवाज आला. "अक्का, पुढं काय व्हतं?"

तिनं सुई उचलली.

"पुढचं तू नांदेडच्या पायरीवर मोडलंस."

पुढचं तिला पाठ होतं, निदान तिची तशी समजूत होती. तिनं मनात सूर धरून पाहिला. पहिलं वळण आलं, दुसरं आलं, आणि त्यानंतर काही नाही. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. पाच वर्षांत ते तिच्यातूनही गेलं होतं, आणि कधी गेलं ते तिला कळलंही नव्हतं.

मग उठून तिनं बाळंतपणाची रक्तानं भरलेली फडकी, चादर, लुगडं असं सगळं घमेल्यात गोळा केलं आणि ओट्यावर आणून भावापुढं ठेवलं.

"खाली कयाधूच्या घाटावर नेऊन धुऊन आण."

उत्तमरावानं घमेल्याकडं पाहिलं. "मी?"

"धोबीण गाव सोडून गेली. खेमाच्या हाताखाली आठ जखमी हायत. मी हिच्याजवळ बसते."

"घाटावर बाया असत्यात, अक्का."

"असू दे."

गावात त्याच्यापुढं चपला काढून चालणारी माणसं होती. मग त्यानं धोतराचा काचा मारला, घमेलं उचललं आणि उतारानं खाली गेला.

चार दिवस पाऊस उघडला होता, नदीचं पाणी निवळलं होतं. मागच्या खिडकीतून घाट दिसायचा. द्वारकाबाई खिडकीत उभी राहिली. त्याला धुता येत नव्हतं. आधी पाण्यात भिजू द्यायचं सोडून तो कोरडंच दगडावर आपटत होता. तिनं खिडकीतून काही सांगितलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा तो वर आला. कोपरं भिजलेली, बोटं पांढरी पडलेली. द्वारकाबाईनं एकेक कापड उलगडून उजेडाकडं धरलं. चादर ठीक होती. फडकी ठीक होती. लुगड्याच्या पदराशी हातभर तपकिरी डाग तसाच होता. तिनं लुगडं घडी न करता घमेल्यात परत टाकलं.

"ह्याचा डाग ऱ्हायला."

घमेलं घेऊन उत्तमराव पुन्हा उतार उतरला, या वेळी सावकाश, आणि पाण्यात उकिडवा बसला. पदर त्यानं आधी पाण्यात सोडला, थांबला, मग दोन्ही हातांनी चोळायला लागला. शेजारच्या दगडांवर धुणाऱ्या बायांनी हात थांबवले होते.