प्लोनीचा फोटो

लेन्त्स हा फोटोवाला कोलोन शहरातून सायकलवर आमच्या गावात आला, तेव्हा बटाटे काढायचे दिवस होते. त्याला शेतकऱ्यांचे फोटो हवे होते, आहेत तसे. मी मात्र रविवारचा काळा कोट चढवला, मिशांना मेण लावलं आणि बैलाशेजारी ऐटीत उभा राहिलो. त्याने माझा फोटो काढला खरा, पण त्याचं लक्ष विहिरीकडे होतं. तिथे माझी बायको प्लोनी पाणी भरत होती.

"बाईंना जरा बोलवता का?" तो म्हणाला.

त्याने तिला कोठाराच्या भिंतीशी उभं केलं, कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्याखालून डोकं बाहेर काढलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. बैलाचा कासरा धरून मी लांब उभा. एक शब्द ऐकू आला नाही.

तीन आठवड्यांनी टपालाने दोन फोटो आले. माझ्या फोटोत मी बुजगावण्यासारखा दिसत होतो. आणि प्लोनी! अकरा वर्षांचा संसार झाला, पण हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. डोळे निवांत, कपाळावर आठी नाही, जणू समोर कुणी जिवाचं माणूस उभं आहे.

वेन्डेल लोहाराने फोटो पाहिला आणि भर दुकानात म्हणाला, "काय रे हेन्नेस, तुझ्या घरात इतकी देखणी बाई आहे, हे परक्या माणसाने सांगायचं?"

सगळे हसले. घरी येऊन मी तिचा फोटो ओट धान्याच्या पेटीत तळाशी दडपला. पुढे महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही. ती कणीक मळताना गुणगुणली तरी मी दार आपटून बाहेर जायचो.

शेवटी तीच म्हणाली, "माझा फोटो कुठाय?"

"आधी सांग, तो काय बोलला तुझ्याशी?"

"कोण?"

"तोच, सायकलवाला!"

"अगं बाई! एवढ्यासाठी तोंड फुगवून बसलायस होय?" तिने पिठाचे हात पुसले. "म्हणाला, बाई, आता काही करू नका. नुसत्या उभ्या राहा."

"एवढंच?"

"एवढंच. या घरात आल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं."

त्यापेक्षा तो काही लाडीगोडीचं बोलला असता तर बरं झालं असतं. कोलोनला जाऊन त्याचे दात तरी पाडले असते.

पेटीतून फोटो काढून मी क्रुसाशेजारी भिंतीवर लावला. संध्याकाळी तिला म्हटलं, "तू बस. धार मी काढतो." गाईला माझा हात ओळखीचा नव्हता, तिने पहिल्याच झटक्यात बादली उडवली. तरी रेटलं. आता दर रविवारी धार मीच काढतो आणि प्लोनी पायरीवर बसते.

फोटोतला तो चेहरा दिसतो का, म्हणून मी गोठ्याच्या दारातून चोरून बघतो. तिला चाहूल लागते.

"काय रे, काय हवंय?" असं म्हणत ती लगेच उठून उभी राहते.