फलकावरून पुसायचं नाव

कॉलेजच्या फलकावर दरवर्षी सर्वोत्तम धावपटूचं नाव रंगवायचं काम पेंटरमामांचं. यंदा सख्ख्या भाचीचं नाव त्यांनी मोठ्या आनंदाने रंगवलं होतं. महिन्याभरात तेच नाव पुसायला त्यांना बोलावणं आलं. वसतिगृहाच्या दारावरच्या मावशींनी हटकलं, म्हणून भाचीने रागाने त्यांना ढकललं होतं. मावशींचं मनगट मोडलं आणि हिचा पुरस्कार गेला.

"साहेब, शिक्षा करा, पण शर्यत तिनं खरीच जिंकली होती ना?" मामांनी प्राचार्यांना विनवलं.

"जिंकली. पण मावशी रोज गळ्यात हात बांधून याच फलकाखालून जातात. त्यांना काय सांगू?"

मावशी तिथेच होत्या. मामांमागे उभ्या असलेल्या भाचीकडे बघून म्हणाल्या, "पळायला मैदान पुरेना, म्हणून माझ्या अंगावर आलीस होय गं?" मग प्राचार्यांकडे वळल्या. "राहू द्या हो नाव. पुसून माझं हाड का जुळणार आहे?"

"ठराव झालाय, मावशी. आता माझ्याही हातात नाही."

मामा नाइलाजाने स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगलं, तशी भाची धावत आली. "मामा, पडाल!" म्हणत तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

देवा, काय ही वेळ, म्हणत मामांनी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. आधी आडनाव पुसायला घेतलं. तिच्या नावापाशी पोचायला तेवढाच उशीर.