टोकाची गाठ

आत्याच्या हातची वही म्हणजे वही, असं सगळे म्हणायचे आणि आत्या ते नाक वर करून ऐकून घ्यायची. पाठ उघडी, सगळा भार मेण लावलेल्या दोऱ्यावर. सरसाचा एक थेंब नाही म्हणे! छोटी ही तिची भाची. ती कापडदुकानातली बरी नोकरी सोडून ही शिलाई शिकायला आली, तर आत्याने आधी तिच्या हातात झाडू दिला.

छोटीने झाडू मारला, भांडी घासली, आत्याचे गुडघे चेपले. मग कुठे आरी हातात आली. घडी घातलेल्या पानांना भोकं कशी पाडायची, दोरा पाठीच्या रेषेतच कसा ओढायचा, वर ओढला की कागद फाटलाच, हे सगळं आत्याने शिकवलं. चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोला. पण एक घडी दुसरीला टोकाशी बांधायची ती गाठ? नाव नको! "टोकं मोकळी ठेव, मी बघते," म्हणत बाईसाहेब वही घेऊन आतल्या खोलीत जायच्या आणि कडी लावायच्या. छोटीने विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून तुझा हात बसायचाय."

हात काही बसेना आणि वर्षं चालली सरत.

अशात कागदाच्या दुकानवालीने छोटीला बोलावलं. "दुकानात तुला टेबल देते. गिऱ्हाइकांसमोर बसून शिवायचं, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत. सोमवारी एक वही शिवून दाखव." स्वतःचं टेबल! छोटीला रडूच फुटलं. धावत घरी येऊन तिने आत्याचे पाय धरले.

"माझ्या जिवावर उड्या मारतेस होय?" आत्या म्हणाली. "नाही शिकवत, जा."

छोटीचं डोकंच फिरलं. दुपारी आत्या आडवी झाल्यावर तिने कपाटातली आत्याची सगळ्यात देखणी वही काढली आणि टोकाचा टाका उसवायला घेतला. उलटा माग काढला की गाठ सापडणारच होती. पण दोरा सरळ निघून आला. गाठ नव्हतीच. दोन घड्यांच्या मधे वाळलेला सरस होता, नखाने निघणारा. तिने दुसरी वही उसवली, तिसरी उसवली, सगळीकडे तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीपायी पोरीने उमेदीची वर्षं घातली!

मान वर केली तर दारात आत्या.

"तुला येतच नाही," छोटी म्हणाली.

"कुठून येणार?" आत्याचा आवाज चढला. "आमच्या बापाने ती गाठ तुझ्या बापाला शिकवली. त्याने पुन्हा सुईला हात लावला नाही, विसरून मोकळा झाला. मी दाराआडून दिसलं तेवढं उचललं."

"मग सांगायचं की गं! दोघींनी मिळून शोधली असती. आता सोमवारी मी काय, माझं कपाळ शिवून दाखवू?"

आत्या खाली बसली आणि सुटी पानं गोळा करायला लागली.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू इथे राहिली असतीस?"

छोटीला संताप आला होता, आणि तरी 'हो' म्हणावंसं फार वाटलं. पण ती उठली आणि चपला शोधायला लागली.