पोत्यावरची नावं

करुणाने स्कूटीवरचं पोतं ओढून सारजाकाकीच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवलं आणि ओढणीने मान पुसली. पिंपळीतलं हे सतरावं घर. सोळा घरांनी चहा पाजला होता, पोतं मात्र कुणीच उतरवू दिलं नव्हतं.

मालक पशुखाद्याचा कारखाना सोडून गेला, तेव्हा अकरा कामगारांनी तो चालवायला घेतला. यंत्र तेच, मका तोच, राबणारे हातही तेच. फक्त पोत्यावर मालकाच्या नावाच्या जागी त्यांनी हौसेने आपली अकरा नावं छापली आणि तिथंच माशी शिंकली. त्यातली सहा बुद्धविहारामागच्या वस्तीतली होती. करुणाचं सर्वांत वर. पिकतं तिथं विकत नाही, असं ती मनाला समजावायची, पण खरं काय ते तिला ठाऊक होतं. सोमवारपर्यंत गोदामातला माल हलला नाही तर यंत्र कायमचं थांबणार होतं, आणि अकरा घरांच्या चुलीही.

“काकी, एक तरी ठेवा.”

“आमची म्हस जुन्याच पेंडीवर हाय, बाई.”

गोठ्यात खरंच जुन्या मालकाच्या छापाचं पोतं होतं. करुणाने सवयीने त्यातलं मूठभर खाद्य उचलून चोळलं. मेथीचा वास आला. मेथी तर त्यांनी मालक गेल्यावर घालायला सुरुवात केली होती.

“काकी, हे तर आमचंच खाद्य.”

“भाऊ आणून देतो वालचंदनगरातनं,” सारजा हळू आवाजात म्हणाली. “हितं आलं की मी जुन्या पोत्यात वतती. दूध वाढलंय, खोटं कशाला बोलू.”

“मग डेअरीवर एवढंच सांगा.”

“तुला सांगाया काय जातंय? मला ह्याच लोकांत राहायचंय. नावं कशाला छापली गं?”

करुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मलापण ह्याच लोकांत राहायचंय, काकी.”

सारजाने नव्या पोत्याची शिवण उसवली. दोघींनी मिळून खाद्य जुन्या पोत्यात ओतलं.

रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून सारजाने वैरणीला जाताना डोक्यावर घ्यायची खोळ केली. नावं आतल्या बाजूला गेली. खोळ डोक्यावर चढवून तिने विळा घेतला. संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. डेअरीसमोर किटल्या घेऊन निम्मं गाव उभं होतं.

फाटकाशी सारजा थांबली. डोक्यावरची खोळ काढून तिने उलटी केली, पुन्हा डोक्यावर घेतली आणि डेअरीच्या रस्त्याला लागली.