कोणालाही वाचता न येणारा प्रोग्राम

रुग्णालयाच्या लाँड्रीत कपडे धुण्याची चार मोठी मशिनं होती, आणि चारींचंही डोकं तिथल्या वायरमनबाईंनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं होतं. मशिनं चालवणारे मूळ बोर्ड जळाले, कंपनीने तसे बनवणं बंद केलं होतं आणि मळक्या चादरींचे ढीग दारापर्यंत आले, तेव्हा त्या वेळचे अधीक्षक खाली येऊन म्हणाले होते, काहीही करा पण मशिनं चालती करा. बाईंनी तळहाताएवढे बोर्ड आणले आणि त्यांवर फोर्थ नावाच्या, आता फारसं कोणी न वापरणाऱ्या भाषेत प्रोग्राम लिहिला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भावाने ती त्यांना शिकवली होती. भाषा एवढीशी, चिमूटभर मेमरीत मावणारी. आणि तिच्यात लागतील ते शब्द आपणच घडवायचे. बाईंनी रोजच्या बोलण्यातलेच घडवले. पाणी-भर, तापव, घुसळ, पिळ, दार-सोड. चार वर्षं एकाही वॉर्डाची चादर अडली नाही.

मग अधीक्षक बदलले आणि नव्यांनी बाहेरून एक तज्ज्ञ बोलावला. त्याने पंधरा मिनिटं स्क्रीन पाहिला आणि हसला. "हा प्रोग्राम आहे की कामवालीसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी?" वर म्हणाला, आकडा आधी, क्रिया शेवटी, सगळंच उलटं.

"साठ अंशांवर तापव, असंच बोलतो ना आपण?" बाई म्हणाल्या. तोवर त्याने लॅपटॉप मिटलाही होता.

आठवड्याने अहवाल आला. भाषा कालबाह्य, लिहिणारी व्यक्ती अपात्र, प्रोग्राम दुसऱ्या कोणालाही वाचता न येणारा. खाली 'मान्य' असं छापलेलं होतं, त्यापुढे बाईंनी सही करायची होती. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालबाह्य म्हणा, हरकत नव्हती. पदवी नव्हती, तेही खरंच. पण वाचता न येणारा? एकेका शब्दासाठी त्यांनी चार-चार दिवस डोकं खाजवलं होतं ते कशासाठी?

त्या तशाच अधीक्षकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, दहा मिनिटं खाली चला, तज्ज्ञसाहेबांनाही घ्या. लाँड्रीत घड्या घालणाऱ्या बायका टेबलाभोवती उभ्या होत्या. बाईंनी छापलेला कागद आक्कांच्या हातात दिला. आक्का सगळ्यांत जुन्या, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं: दार-बंद, चाळीस पाणी-भर, साठ तापव, घुसळ. अडखळल्या नाहीत. अधीक्षक तज्ज्ञाकडे बघायला लागले, तज्ज्ञ घड्याळाकडे.

बाई मनात म्हणाल्या, जिरली. तेवढ्यात आक्का थांबल्या.

"अगं, पण वीज जाऊन परत आली तर? इथे पुन्हा पहिल्यापासून पाणी भरायला सांगितलंयस. आत आधीचं असतंच की."

बाईंचा चेहरा पडला. आक्का म्हणत होत्या ते शंभर टक्के खरं होतं. गेली चार वर्षं वीज गेली की या बायका खाली वाकून हाताने नळ उघडत होत्या आणि पाणी काढून टाकत होत्या.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"मशीनच तसलं असेल असं वाटायचं," आक्का म्हणाल्या. "आणि तू कधी विचारलंस?"

बाईंनी तिथेच लॅपटॉपची वायर पहिल्या मशीनच्या बोर्डाला जोडली, 'आधी-निचरा' असा नवा शब्द घडवला आणि सुरुवातीलाच घातला. मेन स्विच बंद करून चालू केला. मशीनने आधी पाणी सोडलं, मगच भरलं. एकेक करत चारही मशिनं दुपारपर्यंत उरकली.

इथे गोष्ट मिटायला हवी होती. पण चार दिवसांनी सुधारलेला अहवाल आला. 'वाचता न येणारा' हे शब्द गाळले होते आणि त्यांच्या जागी होतं: 'तपासणीदरम्यान मी एक गंभीर दोष शोधून काढला.' खाली तज्ज्ञाची ऐटबाज सही, आणि बाईंसाठी पुन्हा तेच छापील 'मान्य'.

दोष आपला, तो कबूल करायची बाईंची तयारी होती. पण आक्कांचं डोळस वाचन या माणसाने दिवसाढवळ्या खिशात घातलं होतं. त्या कागद घेऊन लाँड्रीत गेल्या. 'मान्य'च्या आधी ठसठशीत 'अ' काढला आणि खाली लिहिलं: 'दोष माझा. शोधला आक्कांनी, प्रोग्राम वाचून. त्याच दिवशी दुरुस्त केला.' स्वतः सही केली आणि पेन आक्कांपुढे धरलं.

आक्का कचरल्या. म्हणाल्या, साहेबांच्या कागदावर माझी सही कशाला?

"वाचलं कोणी?" बाईंनी विचारलं.

आक्कांनी सही केली, पूर्ण नाव, वळणदार.

अधीक्षकांनी तो कागद तसाच फायलीत लावला. बाईंचा शेरा खोडला नाही, तज्ज्ञाला जाबही विचारला नाही. मशिनं त्याच बोर्डांवर चालू राहिली. बाईंनी प्रोग्रामची एक प्रत घड्यांच्या टेबलाशेजारी टांगली, सोबत दोरीला बांधलेली पेन्सिल. पहिल्याच महिन्यात बायकांनी तिच्यावर सहा खुणा केल्या, त्यांतल्या चार बरोबर होत्या. तज्ज्ञ पुढे दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने जिन्यात नमस्कार केला, आणि दोन्ही वेळा बाई फ्यूजची पेटी उघडून तिच्यात डोकं घालून उभ्या राहिल्या.