ओब्दुलियाची मध्यम सिगार

सिगारीच्या टोपीपाशी, तोंडात धरायच्या टोकाला, अंगठ्याचा एवढासा खळगा होता — बघणाऱ्याला दिसला नसता, पण लेओन्सिओच्या बोटाला तो अंधारातही लागला असता — आणि तो लागला मात्र, त्यानं ती सिगार घट्ट मुठीत धरली. आली, आज हिचीच आली, ताटातल्या सगळ्या सारख्या तपकिरी, सारख्या लांबीच्या, चिठोऱ्यावर नुसता आकडा मिरवणाऱ्या सिगारींतून नेमकी हीच आपल्या वाट्याला आली... आली कसली डोंबलाची, सातुर्निनो मास्तरांची पाठ वळल्याबरोबर त्यानं हात घालून उचलली होती, रोज उचलतो तशी.

चाखणाऱ्याला वळणाऱ्याचं नाव कळता कामा नये, असा कारखान्याचा नियम. पिनार देल रिओतल्या या जुन्या इमारतीत खालच्या मोठ्या दालनात बायका-पुरुष बाकांवर बसून सिगारी वळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीत चाखणारे त्या ओढून बघतात. नियम चांगलाच आहे, लेओन्सिओची त्याला ना नाही. पण ज्या बाईच्या अंगठ्यानं पंचवीस वर्षं आपल्या कॉलरचं बटण लावलं, पाठीला बाम चोळला, आणि प्रसंगी चार माणसांत बरगडीत ढोसलंसुद्धा, तो अंगठा नवऱ्यानं ओळखू नये, एवढा कडक नियम अजून कुठल्या कारखान्याला करता आलेला नाही.

ओब्दुलिया खाली, खिडकीजवळच्या बाकावर. लेओन्सिओ वर. मध्ये एक लाकडी जिना, आणि या जिन्यानं रोज सकाळी तिची एक सिगार वर येते आणि ती काल दिवसभर कशी होती ते त्याला सांगते. हे दोघांत कधी बोललं गेलेलं नाही. तिला ठाऊक आहे का, हेही त्याला ठाऊक नाही. पण सासूच्या नावाच्या संताचा सण तो विसरला होता तेव्हा आलेली सिगार इतकी आवळून वळलेली होती की ओढता ओढता त्याचे गाल आत गेले आणि दाढा दुखायला लागल्या. आणि जत्रेत तो औषधवाल्याच्या विधवेबरोबर लागोपाठ नाचला, तेव्हा तर बाईनं सिगारीच्या पोटात शेंड्याची पानं — झाडाच्या अगदी वरची, उन्हानं तापलेली, सगळ्यांत जहाल — अशी काही कोंबली होती की त्याचे कान वाजायला लागले आणि उचकी लागली. त्यानं इमानानं 'कडक' असा शेरा दिला. त्यावरून मुकादमानं ओब्दुलियाला चार शब्द सुनावले, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या सिगारीत उतरला. ते आठवडाभर चाललं. शेवटी त्यानं तिच्यासाठी निळी चप्पल आणली, मग कुठे ओढ सैल झाली.

आणि परवा...

परवाचं आठवलं की अजून अंगावर शहारा येतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून रविवारी जेवण होतं. डुक्कर भाजलं होतं, काळ्या घेवड्याचा भात होता, रम होती, आणि ओब्दुलियाचा धाकटा भाऊ विल्फ्रेदो होता, जो रमशिवायसुद्धा तोंडाळ आहे. त्यानं चमच्यानं पेला वाजवला. "ऐका हो मंडळी! आमचे दाजी मोठे चाखणारे! दाजी, पंचवीस वर्षं झाली, आता होऊ दे निकाल. आमची ताई कशी काय निघाली?" सगळे हसले, ओब्दुलियाही हसली, हात पुसत दारात उभी राहिली. आणि लेओन्सिओनं — मूर्खा, तुझी जीभ का झडली नाही — लेओन्सिओनं सवयीनं डोळे मिटले, टाळूला जीभ लावली, आणि म्हणाला, "मध्यम."

वर आणखी म्हणाला, "सुरुवातीला जरा तिखट. ओढ बरी. राख पांढरी."

हसून हसून विल्फ्रेदो खुर्चीवरून खाली यायचा राहिला. शेजारच्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ओब्दुलिया हसायची थांबली होती. "भात कुणाला हवा?" एवढंच ती म्हणाली.

आता यांना कोण समजावणार! सौम्य काय, कुणीही वळतो. पानं पोकळ भरली की झालं. कडक तर त्याहून सोपी. पण मध्यम! शेंड्याचं पान जाळतं, मधलं पान सुगंध देतं, बुडातलं पान नुसतं जळत राहतं, आणि या तिघांना एकमेकांच्या उरावर बसू न देता एका आवरणात नांदवायचं, तेही रोज... असा हात शंभरांत एखाद्याचा. तो बोलला त्यापेक्षा मोठा शब्द त्याच्यापाशी नव्हता. नव्हताच. आणि हे तो त्या रात्री तिला सांगणार होता, पण ती त्याच्याआधी झोपली. निदान पाठ करून पडली.

सोमवारी भांडी आपटली नाहीत. हे वाईट. ओब्दुलिया रागावली की स्वयंपाकघर बोलतं. झाकणं, पळ्या, पाण्याची बादली, सगळ्यांना कंठ फुटतो. सोमवारी सगळं गप्प. वर कॉफीत साखर नीट. शर्टाला इस्त्री. "गुडघा कसा आहे रे?" असंही विचारलं. लेओन्सिओच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यानं स्वतःला समजावलं, थांब, आज ती बाकावर बसेल, वळेल, आणि उद्या सकाळी तुला कळेल काय ते.

ते उद्या म्हणजे हे आत्ता.

त्यानं टोपी कापली. न पेटवताच एक ओढ घेतली: सुकं गवत, थोडी मनुका. ओढ आवळलेली नव्हती. त्याला खरं तर तिथंच घाम फुटला. मग त्यानं देवदाराची ढलपी पेटवली, सिगारीचं तोंड आचेवर फिरवलं, आणि पहिला धूर तोंडात घेऊन डोळे मिटले.

दुधाळ कॉफी. मागून भाजलेल्या शेंगदाण्याचा खरपूस वास, त्याच्या मागून ओलं लाकूड, ओठांवर किंचित मीठ, आणि धूर नाकातून सोडताना मिरीचा एक कण, फक्त एक, आहे एवढं सांगण्यापुरता. कुणी पुढे होत नव्हतं, कुणी मागे पडत नव्हतं. जाळ सरळ. राख घट्ट, पांढरी. खालच्या दालनातून, वळणाऱ्यांचं मन रमवायला कारखान्यानं ठेवलेल्या वाचणाऱ्याचा आवाज जिन्यातून वर येत होता, तो उंचावरच्या खुर्चीत बसून सगळ्यांना हवामान वाचून दाखवत होता, आणि लेओन्सिओला वाटलं, आपण इतकी वर्षं इथं ओढतोय, पण इतकी निर्दोष, इतकी अचूक मध्यम सिगार आपल्या तोंडात कधी आली नाही.

त्याची पाचावर धारण बसली.

राग कुठाय? हिचा राग कुठाय? चार माणसांत आपण बायकोला शेरा दिला, आणि हिच्या बोटांत त्याचा मागमूस नाही? म्हणजे माफ केलं?... छे, माफी एका दिवसात होत नाही, चपलेला आठवडा लागला होता. मग हा टोमणा. मध्यम म्हणालास ना मेल्या, घे मध्यम, आयुष्यात ओढली नसशील अशी मध्यम घे! हे त्याला पटण्यासारखं होतं, त्यानं थोडा धीर आला, तो थोडा हसलासुद्धा... आणि मग तिसरी शक्यता आली. रागवायला माणूस लागतं. ज्याच्यावर रागवायचं असं कुणी उरलंच नाही की हात असा स्थिर होतो. मतांसासला तिची बहीण कधीची बोलावते आहे, ये, इथं समुद्र आहे, वारा आहे, काय ठेवलंय त्या धुरात. ओब्दुलिया दर वेळी म्हणते, याच्या जेवणाचं कोण बघेल? रविवारी रात्री तिनं तसं म्हटलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं म्हणा. पण म्हटलं नाही.

मला सोडून जाईल ही. इस्त्री करून ठेवेल आणि जाईल.

"ए लेओन्सिओ," शेजारच्या टेबलावरून झोराइदा म्हणाली. झोराइदा गोलमटोल, सगळ्यांत नवी चाखणारी, तोंडानं मात्र सगळ्यांत जुनी. "सकाळी काही खाल्लं नाहीस का रे? सोड की ती आता. आता काय तिला खातोस?"

त्यानं डोळे उघडले. एक तृतीयांश सिगार जळून जाळ पुढे गेला होता. चाखणारा तिथं थांबतो. तिथं सिगार ठेवायची, बिनसाखरेच्या चहानं तोंड धुवायचं, शेरा द्यायचा, दुसरी घ्यायची. घरात ओब्दुलिया धूर चालू देत नाही, दिवसभर तेच हुंगून आल्यावर तिला घरात फक्त कांद्याचा वास हवा असतो. म्हणजे ही नोकरी लागल्यापासून लेओन्सिओनं एकही सिगार पहिल्या एक तृतीयांशाच्या पलीकडे ओढलेली नव्हती. हे आज पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, आणि मग लक्षात येतच राहिलं... आंब्याच्या तीन फोडी खाऊन बशी सरकवणं, सिनेमा अर्धा झाला की "कळलं काय होणार ते" म्हणून उठणं, आणि ओब्दुलिया बहिणीचं काही सांगायला लागली की दुसऱ्या वाक्याला मान डोलावून चप्पल शोधणं. "माझं संपलेलं नाही," ती म्हणायची. दर वेळी म्हणायची. आणि ह्यानं शेरा देऊन टाकलेला असायचा.

त्यानं आणखी एक ओढ घेतली.

"लेओन्सिओ!" सातुर्निनो मास्तर गरजले. त्यांच्या भुवया सबंध खोलीचा कारभार बघतात. "तिथं थांबायचं. पुढचं गिऱ्हाइकाचं असतं."

"बघतोय, मास्तर."

"काय बघतोस? जोर सांग. सौम्य, मध्यम, की कडक?"

शब्द ओठांवर आला, आणि ओठांवरच अडकला, रविवारच्या भाताच्या शितासारखा. "अजून बघतोय," तो म्हणाला, आणि ओढत राहिला. मधल्या भागात कॉफीतलं दूध गेलं, कोको आला, ओल्या मातीचा वास आला, पानं सुकवायच्या कोठारातला, जिथं ती दोघं पहिल्यांदा भेटली होती. पुढे कारखान्यात तोही वळायला शिकत होता, तिच्या शेजारच्या बाकावर, आणि त्याच्या सिगारी एका अंगानं जळायच्या. "तुझा हात बेकार आहे," तिनं सांगितलं होतं, "जीभ बरी वाटते." त्या जिभेवरच तर तो वर आला. आणि त्याच जिभेनं...

बोटभर उरली तेव्हा ते आलं. आधी ऊब, मग जिभेच्या कडेला चुरचुर, मग मिरी, एक कण नव्हे, मूठभर, थेट डोक्यात. डोळ्यांत पाणी, कानांत ती ओळखीची घणघण. आला! राग आला! सगळ्यात आत, तळाशी, कुणी पोचणार नाही तिथं ठेवला होता बाईनं! लेओन्सिओला एवढा आनंद झाला की उठून झोराइदाचा मुका घ्यावा असं वाटलं, आणि तो अर्धा उठलाही, आणि अर्ध्यातूनच पुन्हा खाली बसला. कारण... सगळ्याच सिगारी शेवटी अशा होत असतील तर?

त्याला माहीत नव्हतं. एवढा मोठा चाखणारा, आणि त्याला माहीत नव्हतं.

"झोराइदा, शेवटाला सगळ्याच तिखट होतात का ग?"

"मला काय विचारतोस? मी इथं आहे तेवढंच ओढते. घरी मला खोकला येतो."

"सगळ्याच होतात," मास्तर करवादले. "तंबाखू आहे ती, पेरूचा मुरंबा नव्हे." मग भुवया खाली आल्या. "म्हणजे... आमच्या तरुणपणी तरी व्हायच्या," ते म्हणाले. आणि मग हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, "बायकोची रोज तूच उचलतोस ते मला दिसत नाही असं समजू नकोस. जा. तोंड धुऊन ये."

तोंड न धुताच तो जिना उतरला. दुपारची सुट्टी व्हायची होती. वाचणारा आता कसली तरी प्रेमकथा वाचत होता आणि सगळं दालन माना खाली घालून ऐकत होतं. ओब्दुलियाच्या बाकापाशी जाऊन तो उभा राहिला. तिनं वर बघितलं नाही. त्याच्या हाताकडे बघितलं.

"बोटं भाजून घेतलीस वाटतं."

"शेवटपर्यंत ओढली."

तिच्या हातातलं पान कापायचं पातं थांबलं. "कुणाची?"

"ते कळत नसतं. नियम आहे."

"हं." तिनं पान सारखं केलं, उगाचच, सारखंच होतं ते. "मग? कशी होती?"

लेओन्सिओनं तोंड उघडलं. सवयीनं डोळे मिटायला लागले, ते त्यानं निकरानं उघडे ठेवले. समोर तिचा चेहरा होता, कपाळाला चिकटलेली बट, ओठांच्या कडेला ती रेघ, जी हसण्याच्या आधीही येते आणि भांडणाच्या आधीही, आणि पंचवीस वर्षांत केव्हा कुठली ते आपण कधी थांबून पाहिलं नाही याची त्याला चांगलीच लाज वाटली.

"अजून तोंडात आहे," तो म्हणाला.

ओब्दुलियानं नाकातून आवाज काढला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, त्याला कळलं नाही. "जा, चहा घे वर जाऊन," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी बहिणीचा फोन यायचाय, तेव्हा घरात थांब." का थांब, ते तिनं सांगितलं नाही, आणि त्यानं मान डोलावून शहाणपणा केला नाही. "थांबतो," म्हणाला.

तिनं नवीन सिगारीसाठी पानं घ्यायला हात लांब केला. हात मधल्या पानांवरून पुढे गेला, शेंड्याच्या पानांच्या गठ्ठ्याकडे वळला, आणि तिथं जरासा घुटमळला. लेओन्सिओनं झटक्यात पाठ फिरवली. चाखणाऱ्यानं बघायचं नसतं. जिना चढताना त्याचा गुडघा दुखत होता, जीभ अजून चुरचुरत होती, आणि तरी आपण उद्याच्या सकाळची वाट बघतोय, अगदी भूक लागल्यासारखी, हे त्याला वरच्या पायरीवर पोचेपर्यंत स्पष्ट कळलं.